सिनेमात आई नसते

"आणि यांची आई कुठंय?" मी दारातूनच विचारलं.

वन्संच्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत वसाहतीतली सगळी पोरं चटयांवर दाटीवाटीनं बसली होती. समोर टीव्हीत चार गोरी मुलं एका होडीतून धुक्यात चालली होती. सगळ्यात धाकट्याच्या गळ्यात लाल मफलर होता आणि त्याचं नाक वाहत होतं. मी धिरड्यांचं ताट घेऊन उभी. माझा प्रश्न साधाच होता. एवढ्याशा पोराला असल्या गारठ्यात पाण्यावर सोडलं कुणी?

एकानंही मागे वळून पाहिलं नाही. शेवटी चारूनं, म्हणजे माझ्या पोटच्या पोरीनं, पडद्यावरची नजर न हलवता सांगितलं, "आई नसते गं सिनेमात."

"मेलीये का?"

"मेली नाही. नसतेच."

"असं कसं नसतेच?"

"आई, शू."

वन्सं उठल्या, माझ्या हातातलं ताट घेऊन पोरांच्या मधोमध ठेवलं आणि पुन्हा टीव्हीशेजारच्या आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. सिनेमा इंग्रजी. तिथं बसून त्या पोरांना मराठीत सांगायच्या. कोण काय म्हणालं, कोण कुणाला फसवतंय, धुक्यात तो आवाज कसला. थोरला मुलगा बोलला की त्यांचा आवाज जाड व्हायचा, धाकट्याच्या वेळी नाकातून यायचा. धिरडी संपली, पण कुणी केली हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. मी चपला घातल्या आणि घरी येऊन मशीनवर बसले. त्या दुपारी मी एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या.

ही गोष्ट वडगिरीच्या धरणावरच्या वसाहतीतली. धरण बांधून झालं होतं, बांधणारे निघून गेले होते, आणि सांभाळणारे आम्ही वीस-पंचवीस घरं डोंगराच्या पोटाशी राहिलो होतो. आमचे हे धरणाच्या दरवाजांवर फिटर होते. मी शिवणकाम करायची. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून आणि वसाहतीच्या वाचनालयातल्या दोन कपाटांमधून. त्या दोन कपाटांत वरच्या फळीवरचं सगळं वाचून झालं होतं आणि खालच्या फळीवर धरणाचे अहवाल होते. तेही मी थोडे वाचले होते.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, इंदुमती. लग्न केलं नाही. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा वन्संनीच यांना वाढवलं, नर्सिंग शिकल्या, नाशिकला नोकरी केली. मग तीन वर्षांसाठी त्यांची बदली आमच्याच धरणाच्या दवाखान्यात झाली आणि आमच्या शेजारचं क्वार्टर त्यांना मिळालं. सामान फारसं नव्हतं. दोन ट्रंका, एक आरामखुर्ची, आणि टीव्हीबरोबर एक व्हिडिओचं मशीन. नाशिकच्या एक डॉक्टरीणबाई मुलांकडे परदेशी कायमच्या गेल्या, त्यांनी जाताना ते वन्संना दिलं होतं. सोबत ट्रंकभर कॅसेटी. सगळ्या मुलांच्या. म्हणजे मुलांसाठी असलेल्या आणि मुलंच असलेल्या.

पोरांना त्यांची खरी नावं म्हणता यायची नाहीत. मग त्यांनी आपली नावं पाडली. घोड्याचा सिनेमा. बर्फाचा सिनेमा. बोगद्याचा. आणि दिव्याचा, तो होडीवाला: समुद्रातल्या खडकावरच्या दीपगृहाचा रखवालदार नाहीसा होतो, दिवा विझतो, आणि जहाजं फुटू नयेत म्हणून किनाऱ्यावरची चार भावंडं होडी घेऊन दिवा लावायला निघतात. हा सगळ्यांचा लाडका. रविवारी दुपारी जेवणं झाली की वसाहतीत एक पोर दिसायचं नाही.

मला आधी बरंच वाटलं होतं. दुपारी घर शांत, मशीनचं काम उरकायचं. सुरुवातीला चारू सिनेमा अर्धा टाकून मधूनच घरी यायची. पाणी हवंय म्हणायची. कधी टाचणी मागायला यायची, कधी रात्री भाजी काय आहे ते विचारायला. मी म्हणायची, अगं, आत्याकडे पाणी नाही का, जा की, चाललाय ना तुझा सिनेमा. ती माझ्या मशीनशी जरा वेळ उभी राहायची, सुईत दोरा ओवून द्यायची आणि जायची. मग हळूहळू तेही बंद झालं. रविवारी दोनला गेलेली चारू दिवेलागणीलाच उगवायला लागली, आणि मग माझ्या पोटात दुखायला लागलं.

काय काय सांगू. तिनं मधला भांग सोडून वन्संसारखा बाजूला पाडला. चहात साखर नको म्हणाली. मी काही विचारलं की 'हो' म्हणायच्या ऐवजी 'अर्थात' म्हणायला लागली, अगदी वन्संसारखी, एक भुवई वर करून. रविवारी रात्री जेवताना ती सिनेमा सांगायची. यांचं अर्धं लक्ष घासात, आणि माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे.

"मग ती चौघं उठतात आणि जातात," ती सांगायची.

"कुणाला न सांगता?"

"कुणाला सांगायचं? उठतात आणि जातात."

बर्फाच्या सिनेमातली बहीणभावंडंही अशीच उठायची आणि जायची. घोड्याच्या सिनेमातली पोरगीही. कुणाला भूक लागली का, अंगावर काय घातलंय, पायात काय आहे, असं विचारायला तिकडे कुणी नव्हतंच. मी त्या पोरांचा हेवा करत होते की वन्संचा, ते मला कळत नव्हतं. दोन्ही असेल. पण सगळ्यात जास्त राग येत होता तो त्या सिनेमांचा. दुनियेतल्या सगळ्या पोरांना म्हणे हे आवडतात. का आवडणार नाहीत? आईचा पत्ताच नाही.

एका रविवारी मीच म्हटलं, चल, आज आपण दोघी डोंगरावर जाऊ. चारूचा चेहरा पडला, पण आली. वर भैरोबाची घुमटी आहे, वाटेत बोरी. माघ महिना, बोरं पिकलेली. मी पिशवीत डबा घेतला, पाण्याची बाटली, स्वेटर, आणि खरचटलं तर असू दे म्हणून हळदीची पुडी. चारूनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"आई, असं नसतं."

"कसं नसतं?"

"साहसाला डबा नेत नाहीत."

"मग उपाशी जातात?"

"झाडाचं तोडून खातात."

मग झाडाचं तोडून खाऊ म्हटलं. ती बोरीवर चढायला लागली आणि मी खालून सांभाळून, सांभाळून म्हणत राहिले. काटे आहेत, ती फांदी वाळलेली आहे, फ्रॉक अडकेल. ती अर्ध्यातून उतरली आणि दगडावर बसून राहिली. सिनेमात कुणी सांभाळून म्हणत नाही, एवढंच म्हणाली. घुमटीपर्यंत आम्ही गेलोच नाही. डबा मात्र तिनं सगळा खाल्ला. परत येताना वसाहतीच्या वळणावर वन्संच्या खिडकीतून पोरांचा गलका ऐकू आला, तशी तिची पावलं भरभर पडायला लागली. मी म्हटलं, जा, पळ. ती पळाली.

मार्चमध्ये वन्संच्या बदलीचं आलं. जूनपासून पुन्हा नाशिक.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी गोडाचा सांजा केला. वन्सं जेवायला आमच्याकडेच होत्या. सांजा खाऊन झाल्यावर त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि यांच्याकडे बघून म्हणाल्या की बाळ, मी चारूला घेऊन जाऊ का?

इथली शाळा सातवीपर्यंतच. चारू सातवीत. पुढे तालुक्याला जायचं तर सकाळची एकच एसटी आणि संध्याकाळची एक, तीही आली तर. वसाहतीतल्या किती मुली त्या एसटीनं गेल्या आणि किती घरी बसल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. वन्संनी हे काहीच बोलून दाखवलं नाही. फक्त त्यांच्या नाशिकच्या खोलीजवळची शाळा चांगली आहे, मुलींची आहे, चालत जाता येतं, एवढं सांगितलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

धरणाचे दरवाजे किती इंच उचलायचे ते आमचे हे नुसत्या पाण्याकडे बघून सांगायचे. पण बहीण आणि बायको यांच्यामध्ये कधी एक इंचही उचललं नाही. तुम्ही दोघी ठरवा, म्हणाले, आणि पान आणायला गेले.

चारूला विचारलं तर तिनं मान खाली घातली. पण तिचे डोळे मला दिसले.

मी वन्संना म्हटलं, विचार करून सांगते. विचार कसला करायचा होता? नाही म्हणायचं होतं. फक्त नाही म्हणायला काहीतरी हातात हवं होतं. यांच्या आईसारख्या त्या, आणि माझ्या मुलीच्या शिक्षणाचं म्हणत होत्या. नुसतं नको म्हटलं तर मीच वाईट ठरणार. मग मला वाटलं, ते सिनेमेच एकदा नीट बघावेत. असल्या गोष्टी दाखवून तुम्ही पोरीला घरातून उठून जायला शिकवलंत, असं तोंडावर म्हणता आलं पाहिजे.

त्यांच्या क्वार्टरची एक किल्ली आमच्याकडे असायची. एका दुपारी चारू शाळेत होती, वन्सं दवाखान्यात. मी जाऊन दार उघडलं. व्हिडिओ कसा लावायचा ते दारात उभं राहून इतक्या वेळा पाहिलं होतं की हातांना आपोआप कळलं. दिव्याचा सिनेमा लावला, चटई न घालताच जमिनीवर बसले, पंखासुद्धा लावायचं सुचलं नाही.

पहिल्याच चित्रात एक बाई कणीक मळत होती.

मला वाटलं शेजारीण असेल, नाहीतर मोलकरीण. कणीक कोपरापर्यंत लागलेली, केस मागे बांधलेले, बाह्या दुमडलेल्या. त्या झग्याची किनार दोनदा सोडून पुन्हा तुरपलेली होती. असलं माझ्या नजरेतून सुटत नाही. मग तो धाकटा, नाक वाहणारा, तिच्या झग्याला येऊन चिकटला आणि तिला ममा म्हणाला. इंग्रजी मला येत नव्हतं, पण तेवढं कळायला इंग्रजी कशाला हवं.

आई होती. चांगली धडधाकट होती.

लाल मफलर तिनंच विणला होता. ती विणतानाही दिसली. मुलं निघाली त्या पहाटे ती जागी होती. झोपेचं सोंग घेऊन पडली होती, आणि दार वाजू नये म्हणून थोरला ते हळू ओढून घेत होता तेव्हा अंथरुणातूनच तिनं डोळे उघडले आणि मिटले. चारू म्हणायची, उठतात आणि जातात. होडी धुक्यात गेल्यावर मधूनमधून ती खिडकीत दिसत होती. वाऱ्यानं दार आपटायचं, ती उठून लावायची. एकदा पाच जणांची ताटं मांडून तिनं चार परत उचलली. आणि शेवटी, मुलं परत येतात तेव्हा, ती किनाऱ्यावर थांबतच नाही. कपड्यांनिशी गुडघाभर पाण्यात उतरते, मग कमरेएवढ्या, आणि होडीची कड पकडते.

मी रडले ते सांगायला हरकत नाही. पण रडताना रागही चढत होता. एवढी बाई. एवढी सबंध बाई कुणीतरी सिनेमातून उचलून बाहेर ठेवली होती. कोण ठेवणार? बटणं कुणाच्या हातात होती?

दार वाजलं. वन्सं जेवायला आल्या होत्या. मला बघून त्या दचकल्या नाहीत. टीव्हीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पंखा लावला.

"वन्सं, यात आई आहे."

"आहे ना."

"सगळ्यांतच असते?"

"बहुतेकांत असते. घोड्याच्यात आजी आहे."

"मग चारू म्हणते नसतेच."

"ती तेवढं पाहतच नाही. मी पुढे पळवते." चप्पल काढून त्या मोरीवर गेल्या आणि साबणानं हात धुवायला लागल्या. दवाखान्यातून आल्या की कोपरापर्यंत धुवायच्या.

"का पळवता?" माझा आवाज चढला होता. "माझ्या पोरीला काय सांगायचंय तुम्हाला? की आई नसली म्हणजे बरं?"

पाणी बंद झालं. वन्सं ओल्या हातांनीच वळल्या. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा तसा झालेला मी पाहिला नव्हता. वाटलं, आता ऐकवणार. मला आई नव्हती कुमुद, असं काहीतरी. माझी तयारीही होती. पण त्या तसं काही बोलल्या नाहीत.

"चारूला विचार," त्या म्हणाल्या.

"मी तुम्हाला विचारतेय."

"मी सांगितलं तर तुला वाटेल बनवून सांगते."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबलं. मी उठले. नाशिकला चारू येणार नाही, म्हटलं. एकदाच म्हटलं आणि स्पष्ट म्हटलं.

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि दहीभात कालवायला बसल्या.

त्या 'बरं'नं मला संध्याकाळपर्यंत पोखरलं. चारू शाळेतून आली, पाय धुतले, पोह्यांची ताटली घेऊन मशीनशेजारी बसली. मी पायडल थांबवलं नाही.

"दिव्याच्या सिनेमात आई आहे," मी म्हटलं.

तिचा घास हातातच राहिला. "तू पाहिलास? सगळा?"

"सगळा."

"मग मला सांगू नकोस."

"आत्या पळवते म्हणे तेवढं."

"हो."

"का पळवते?"

"मीच सांगितलंय पळवायला."

मशीन आपोआप थांबलं. असं काही ऐकायला लागेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. वन्संवर रागावणं सोपं होतं. मी विचारलं, पळवलं तर सगळी पोरं कशी गप्प बसतात, तर म्हणाली, त्यांना काय, मोठी माणसं आली की त्यांना कंटाळाच येतो.

"आणि तुला?"

ती पोह्यांतले शेंगदाणे वेचून ताटलीच्या कडेला लावायला लागली. लहानपणापासूनची तिची रीत, शेंगदाणे शेवटी खायची. मग बोलली ती शेंगदाण्यांकडे बघूनच.

"ती बाई दिसली ना, की मला तू दिसायचीस. इथं एकटीच बसलेली. मग होडीत काय चाललंय ते मला कळायचंच नाही. मग मी घरी यायचे."

"पाणी प्यायला."

"पाणी नको असायचं. तू आहेस ना ते बघायला यायचे. मग परत जाईपर्यंत खूप सिनेमा गेलेला असायचा." तिनं आता वर पाहिलं. डोळे भरले होते, आणि थोडी चिडलीही होती माझ्यावर. "मग आत्याला म्हटलं, आई आली की पळव. मला होडी बघायची असते गं."

मी तिच्या ताटलीत आणखी शेंगदाणे घालायला उठले. डब्याचं झाकण निघेना. तिनं काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं दवाखान्यात निघाल्या होत्या तेव्हा मी टेप गळ्यात टाकून त्यांच्या दारात गेले. म्हटलं, नाशिकच्या त्या शाळेचा गणवेश कसा असतो? रंग कुठला, चुण्या किती रुंद? शिवीन तो मीच. बाहेरून शिवून घ्यायचा नाही, तिथले शिंपी खांद्यात कापड चोरतात.

वन्सं कुलूप लावत होत्या. किल्ली त्यांनी जरा जास्त वेळ फिरवली.

"बरं," म्हणाल्या.

मे महिनाभर मी शिवत होते. गणवेश झाले, परकर झाले, उशीचे अभ्रे झाले. गणवेशांच्या किनारी मी दुप्पट आत मुडपल्या होत्या, उंची वाढली की सोडता याव्यात म्हणून. रविवारचे सिनेमे चालूच होते. मी धिरडी पोचवायची आणि दारातून परत फिरायची. एकदाच थोडी थांबले. पडद्यावर खिडकी आली, आणि खिडकीत कुणी दिसायच्या आत चित्र भराभर पळालं, वर-खाली पांढरे पट्टे, आणि एकदम लाटा. पोरं हसली. चारूनं मात्र मागे वळून दाराकडे पाहिलं. मी भिंतीआड सरकले होते.

जायच्या दिवशी सकाळची एसटी. चारूनं नवा फ्रॉक घातला होता, मधला भांग पाडला होता. तो तिनं स्वतःच पाडला, मी काही बोलले नव्हते. यांनी ट्रंका सायकलवर बांधल्या. चारू दारात उभी राहून माझ्या चपलांकडे बघत होती.

"तू येतेस ना स्टँडवर?"

"नाही गं. पाटकरबाईंचे ब्लाउज आजच द्यायचेत. बारशाला घालायचेत त्यांना."

"आजच?"

"आजच. मी त्यांच्याकडेच निघालेय."

तिचा चेहरा इतका लहान झाला की तिथंच सगळं उलटवावंसं वाटलं. पाटकरबाईंचे ब्लाउज आदल्या आठवड्यातच दिले होते. वन्संना ते माहीत होतं. त्यांच्या देखतच पाटकरबाई ते घेऊन गेल्या होत्या. त्यांनी चारूची पिशवी उचलून खांद्याला लावली. चारू माझ्या पाया पडली. मी तिला पोटाशी धरलं, पण थोडंच, आणि म्हटलं की पळा आता, एसटी चुकेल. ती गेली. तिच्या चालण्यात राग होता, पाय आपटत गेली. रागात चालणं सोपं जातं, तेवढं मला ठाऊक होतं.

ते तिघं वळणावर दिसेनासे झाल्यावर मी दाराला बाहेरून कुलूप लावलं.

स्टँड वसाहतीच्या खालच्या अंगाला होता. तिथून निघालेली एसटी घाट चढायच्या आधी आमच्या घरांच्या समोरून जाते. रस्ता आणि घरं यांच्यामध्ये सगळ्यांच्या कपड्यांच्या दोऱ्या. मी पहाटेच दोन चादरी धुऊन टाकल्या होत्या. त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. चादरींतून पाणी ठिबकत होतं, माझी पावलं भिजत होती. मधल्या फटीतून रस्ता दिसत होता.

एसटी आली. चारू आमच्या बाजूच्या खिडकीत होती, वन्सं तिच्या पलीकडे. तिनं अर्धं अंग बाहेर काढलं होतं. आमच्या दाराकडे बघत होती. दाराला कुलूप. ती मशीनच्या खिडकीकडे बघायला लागली, मग पुन्हा दाराकडे, मग मोरीच्या बाजूला, पाण्याच्या टाकीकडे. एकेक जागा बघत होती. एसटी हळू चालली होती, रस्त्यावर म्हशी होत्या. आणखी दोन क्षण गेले असते तर तिची नजर चादरींवर आली असती, आणि चादरी तर गुडघ्यापर्यंतच होत्या. खाली माझे पाय.

चारूनं पाहिले नाहीत. वन्संनी पाहिले.

त्यांनी आधी पाय पाहिले, मग फटीकडे पाहिलं, सरळ माझ्या डोळ्यांत. त्यांनी ओळख दाखवली नाही. चारूच्या खांद्यावर हात ठेवला, तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. चारू वळली. आत ओढली गेली, वन्संच्या मांडीवरून ओणवी होऊन त्या बाजूला बघायला लागली. मला तिचा नवा फ्रॉक दिसला आणि पाठीवर उडणारी वेणी. काय दिसलं कोण जाणे, तिनंही बोट दाखवलं. म्हशी बाजूला झाल्या आणि एसटीनं वेग घेतला.

मी दोऱ्यांमधून बाहेर आले आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. धूळ खाली बसेपर्यंत उभी होते. मग मी त्या बाजूला बघितलं, जिकडे वन्संनी बोट केलं होतं.

तिकडे रस्त्याची दरड होती. डोंगर कापून काढलेली, उघडी, काळी. तिच्यात साधं झुडूपसुद्धा नव्हतं.